मदत हवी आहे : पहिलं बाळंतपण, कळांची भीती (कोल्हापूर)

३४वा आठवडा चालू आहे, माहेरी राजारामपुरीत आलेय. बीपी-शुगर नॉर्मल, बाळाचं डोकं खाली. तरी रात्री दोन-अडीचला दचकून जाग येते, तळहात घामानं ओले असतात आणि मावशीनं सांगितलेलं तिचं बाळंतपण डोक्यात सुरू होतं. मग उजाडेपर्यंत झोप नाही.

डॉक्टरांना सांगितलं, "सगळ्यांनाच वाटतं" म्हणाल्या. संध्याकाळी रंकाळ्यावर चालते, श्वासाचे व्यायाम करते. डिलिव्हरीचे व्हिडिओ बंद केलेत, त्यांनी भीती वाढतच होती. 'देवावर सोड' हे घरी रोज ऐकतेय, कृपया तेच नको. निव्वळ भीतीपोटी सिझेरियनही नको.

एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करायला कमरेत मणक्याजवळ देतात ती भूल) घ्यावं असं वाटतंय, पण त्याला भूलतज्ज्ञ हजर लागतो. कळा मध्यरात्री सुरू झाल्या तर? शिवाय आत एकटी राहायची कल्पनाच सहन होत नाही.

मिस्टर पुण्यात, त्यामुळे सोबत आईच असेल. दवाखाना बदलायचा तर याच आठवड्यात ठरवायला हवं.

इथं नुकतंच बाळंतपण झालेल्या ताईंनो, रात्री एपिड्युरल खरंच मिळालं का? आईला लेबर रूममध्ये शेवटपर्यंत थांबू दिलं का? आणि या भीतीसाठी समुपदेशकाकडे कुणी गेलं होतं का, फरक पडला?