चर्चा: २०२६ मध्ये रॉकीज ८० सामने जिंकतील? आधी धावांचा हिशेब मांडा

मैलउंच
आपल्या डेन्व्हरच्या बेसबॉल संघाबद्दल, रॉकीजबद्दल, काल इथे एकाने लिहिलं, ‘संघ बांधणारे श्मिट गेले, त्यांच्या जागी डीपोडेस्टा आले, पुढच्या मोसमात रॉकीज ८० जिंकणार.’ खाली सगळ्यांची वाहवा. वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

२०२५ ला ४३ विजय, ११९ पराभव. त्याआधी १०१ पराभव, त्याआधी १०३. केलेल्या धावा ५९७, दिलेल्या १,०२१. उणे ४२४! १९०० पासून इतका मोठा खड्डा कुठल्याच संघाने खणलेला नाही. नशीब फिरलं होतं असंही नाही. दोन्ही धावांचे वर्ग घेऊन नेहमीचं सूत्र लावलं तर ४१ विजय येतात, म्हणजे दोन जास्तच पदरात पडलेत.

ढोबळमानाने दहा धावांना एक विजय. ८० विजयांसाठी हा खड्डा जवळपास बुजवावा लागेल, म्हणजे एका हिवाळ्यात चारशेवर धावा शोधायच्या. कुठून? स्टार्टर्सचा, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरांचा, ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागणाऱ्या धावा) ६.६५. हा आकडा १९१३ पासून अधिकृत झाला, तेव्हापासूनचा सगळ्यात वाईट. त्यांच्या वर्षाला साडेसातशे इनिंग धरा आणि ईआरए ५.३० वर आणा. वाचल्या ११२ धावा, म्हणजे अकरा विजय. बॅटिंगने वर शंभर धावा जास्त केल्या तर आणखी दहा. सगळी दानं मनासारखी पडली तरी ६४. माझा अंदाज ५५ ते ५८.

ब्लेकस्ट्रीटकर
८० लिहिणारा मीच. समोरासमोर बोलू.

शिकागोचे व्हाइट सॉक्स २०२४ ला ४१-१२१ होते. लोक म्हणत होते, दहा वर्षं वर येत नाहीत. पुढच्याच वर्षी ६०. तेही क्रोशेसारखा पिचर बॉस्टनला देऊन. त्या व्यवहारात आलेले टील आणि माइड्रॉथ त्याच वर्षी मैदानात दिसले. तळाच्या संघाला सुधारायला फार काही लागत नाही, अगदी वाईट खेळाडूंच्या जागी साधारण खेळाडू उभे केले तरी पुरतं.

आणि रॉकीजकडे काहीच नाही असं लिहू नका. गुडमनने कॅचर असून ३१ होमरन (कुंपणापारचे फटके) मारले. मोनियाकचे २४. डॉयलकडे दोन गोल्ड ग्लव्ह (क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार) आहेत, टोव्हारकडे एक. हॉलिडे आणि कॉन्डन ही पोरं खालच्या संघांतून वर येतायत.

मैलउंच
तुमचंच उदाहरण घेतो. ४१ वरून ६०, म्हणजे १९ ची उडी. ४३ अधिक १९ किती? ६२. वरचे अठरा कुठून आणलेत? मॅनेजर बड ब्लॅकना काढलं तेव्हा संघ ७-३३ होता. त्यांच्या जागी आलेल्या शेफरच्या हाताखाली ३६-८६. त्या गतीने पूर्ण मोसम धरला तर ४८ येतात. ‘नवा माणूस आला की संघ बदलतो’ हा प्रयोग आपण मेपासून सप्टेंबरपर्यंत पाहिलाय.

सोडलेला_चेंडू
टोव्हारचं नाव आलंच आहे तर बोलतो. २०२४ मध्ये त्याचे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) २०० आणि वॉक (चार वाईट चेंडू सोडून मिळणारा पहिला बेस) २३. हात चांगला आहे, ग्लव्ह उत्तम आहे, पण स्ट्राइक झोनबाहेर वळणारा चेंडू, स्लायडर, सोडायचा नाही म्हणजे नाही. अख्ख्या संघाला हीच खोड लागलीय. पहिल्या बेसवर माणूसच नसेल तर गुडमनच्या होमरनची एकच धाव होते. डीपोडेस्टांनी पहिल्या दिवसापासून चेंडू सोडायला शिकवलं, तर माझ्या हिशेबाने त्यातच निम्मं काम झालं.

मॉनफोर्टत्रस्त
तुम्ही सगळे मालक मॉनफोर्टना सोडून बोलताय. आपल्या अरेनाडोला २०२१ ला सेंट लुईसला दिलं, वर सुमारे पाच कोटी डॉलर दिले. पुढच्याच वर्षी ब्रायंटशी सात वर्षांचा १८ कोटी २० लाखांचा करार केला. २०२५ मध्ये तो खेळला ११ सामने, पाठीची चकती झिजलीय. हा बोजा २०२८ पर्यंत आहे. माणसाचं दुखणं समजू शकतं, पण पिचिंगची वानवा असताना सगळा पैसा एका बॅटरवर लावायचा निर्णय कोणाचा होता?

ड्राफ्टचंही, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या पाळीचंही, तेच. ११९ हरून पहिला क्रमांक मिळेल म्हणून लोक वाट बघत होते. पण वरचे क्रमांक लॉटरीने ठरतात, आणि लीगच्या महसुलाचा वाटा घेणाऱ्या संघाला सलग तीन वर्षं लॉटरीत बसता येत नाही. २०२४ ला तिसरा, २०२५ ला चौथा घेतला, आता २०२६ ला दहावा. हरून मिळायचं तेही गेलं. आणि स्टेडियमात वर्षभरात चोवीस लाखांच्या आसपास माणसं येऊन बसली. मालकाला घाई कशाची असेल?

शिवण_आणि_फिरकी
मालक, ड्राफ्ट, बॅटिंग सगळं ठीक, पण १,०२१ धावा का बसल्या याला कुणी हात घालत नाहीये. तेवढं नीट सांगते.

आपलं घरचं मैदान, कूर्स फील्ड, साधारण ५,२०० फुटांवर आहे. कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम साठेक मीटर खाली. हवेची घनता समुद्रकाठापेक्षा सतरा-अठरा टक्क्यांनी कमी. लोक म्हणतात, ‘हवा विरळ म्हणून चेंडू लांब जातो.’ ती अर्धीच गोष्ट. फिरत्या चेंडूला वळवणारा जोरही तेवढाच कमी होतो. समुद्रकाठच्या सॅन दिएगोत फिरकीमुळे १८ इंच पडणारा कर्व्हबॉल इथे १५ च्या आसपास पडतो. पट्ट्याच्या उंचीवरून निघून गुडघ्याशी पोचायचा तो मांडीशी लटकतो. चार शिवणींचा फास्टबॉल १८ इंच ‘उचलून’ बॅटच्या वरून जायचा, तो तीन इंच खाली येतो, नेमका बॅटच्या जाड भागावर.

तीन इंच म्हणजे किती? बॅटची जाडी नियमाने जास्तीत जास्त २.६१ इंच. सुटलेला आणि नीट बसलेला फटका यांतलं अंतरच तेवढं आहे.

म्हणून स्ट्राइकआउट कमी, म्हणून चेंडू मैदानात जास्त पडतो. होमरन आवरायला कुंपणं लांब नेलेली आहेत, डावीकडे ३४७ फूट, मध्ये ४१५, उजवीकडे ३५०. तीन आउटफिल्डरना एवढं मैदान झाकायचं तर मागे उभं राहावं लागतं, आणि पुढे साधे सिंगल पडतात. कूर्सवर पिचर होमरनपेक्षा या रांगेने पडणाऱ्या सिंगल-डबलनी जास्त मरतो.

समुद्रसपाटी
हे तीस वर्षं ऐकतोय. उंची, उंची, उंची! २००२ पासून ह्युमिडॉर (चेंडू दमट ठेवणारी खोली) आहे ना? पाहुणा पिचरसुद्धा त्याच हवेत टाकतो. आणि बाहेरच्या ८१ सामन्यांत हे १८-६३ होते, घरी २५-५६. सॅन दिएगोत आणि मायामीत कुठली विरळ हवा लागली? २०१८ ला आपल्याच पिचरचा, फ्रीलँडचा, घरचा ईआरए २.४० होता. तेव्हा डेन्व्हर खाली सरकलं होतं का? संघ वाईट आहे, एवढं सरळ म्हणा.

शिवण_आणि_फिरकी
ह्युमिडॉर हवा बदलत नाही हो, चेंडू बदलतो. ७० फॅरनहाइट आणि ५० टक्के आर्द्रतेत ठेवला की तो कोरडा पडून टणक, बुळबुळीत होत नाही. उसळी कमी होते, पकड येते. हातातून सुटला की पुढे हवा तीच.

पाहुणा पिचर तीन-चार दिवस येतो आणि जातो. आपल्या पिचरला दर आठवड्या-दहा दिवसांनी निशाणा बदलावा लागतो. बाहेर कर्व्ह जिथून सोडायचा, घरी त्यापेक्षा तीन इंच खालचं लक्ष्य धरायचं, परत बाहेर गेलं की उलट. बॅटर्सचीही तीच गत. घरी सपाट चेंडू बघायची डोळ्यांना सवय लागते आणि बाहेरच्या पहिल्या दोन सामन्यांत ते स्लायडरच्या वरून फिरतात. तुमच्या १८-६३ मध्ये ही गोष्टही आहे.

आपल्या पिचरचं, डॉलँडरचंच बघा, घरी ईआरए ९.९८, बाहेर ३.४६. माणूस तोच, हातही तोच.

समुद्रसपाटी
आणि फ्रीलँड? त्याला सोयीस्कर बगल दिलीत.

शिवण_आणि_फिरकी
बगल कशाला देऊ? तोच माझा मुद्दा आहे. तो उंच फास्टबॉल आणि मोठ्या कर्व्हवर जगत नव्हता. सिंकर, कटर, स्लायडर, चेंजअप, सगळं कडेकडेने. गोळीसारखा फिरणारा स्लायडर गुरुत्वाने पडतो, त्याला हवेची गरज कमी. चेंजअप आणि स्प्लिटरमध्ये वेगातला फरक फसवतो, तो इथेही शाबूत राहतो. असे पिचर शोधून आणा, असलेल्यांना हे शिकवा. कॉलेजात कर्व्हवर गाजलेला पोरगा उचलून कूर्सवर उभा करणं थांबवा.

ब्लेकस्ट्रीटकर
मग दोघा-दोघांची जोडी लावा की. एकाने चार इनिंग, दुसऱ्याने तीन. बॅटरला तिसऱ्यांदा तोच पिचर दिसणारच नाही.

मैलउंच
२०१२ ला हेच केलं होतं. चार स्टार्टर, ७५ चेंडूंची मर्यादा. मोसम ६४-९८ वर संपला. ७५ चेंडूंत फार तर पाच इनिंग होतात, कूर्सवर बहुधा चारच. उरलेल्या रोज बुलपेनवर, म्हणजे नंतर येणाऱ्या पिचरांवर. जूनमध्ये सुरू केलं आणि बुलपेन पिळून निघालं.

शिवण_आणि_फिरकी
आणि आता तर २६ जणांत पिचर जास्तीत जास्त १३. घरच्या लांब मुक्कामात सहा स्टार्टर ठेवायचे, कारण या उंचीवर शरीर भरून यायला जास्त वेळ लागतो. उरले सात. त्यातले दोन तरी आपल्या खालच्या संघात, अल्बुकर्कीला, ये-जा करू शकणारे हवेत, पण एकाला मोसमात पाचदाच खाली पाठवता येतं आणि खाली गेलेल्या पिचरला एरवी १५ दिवस परत आणता येत नाही. हे वेळापत्रक मार्चमध्ये कागदावर तयार पाहिजे. अल्बुकर्कीही पाच हजार फुटांवर आहे, घरचा निशाणा तिथेच बसवून घेता येतो. पण त्याच्याही खालच्या संघातून, हार्टफर्डहून, थेट डेन्व्हरला उडी मारली की ती संधीच जाते.

मॉनफोर्टत्रस्त
ताई, हे सगळं २००० साली ठाऊक नव्हतं का? पिचर हॅम्प्टनला आठ वर्षांचे १२ कोटी १० लाख डॉलर दिले, दोन मोसमांत तो गेला. पंचवीस वर्षांत एकही मालक-व्यवस्थापक हे लिहून ठेवू शकला नाही? आता आणलेला माणूस, डीपोडेस्टा, तर २०१६ पासून क्लीव्हलंडच्या फुटबॉल संघात होता.

सोडलेला_चेंडू
तो बेसबॉल विसरलेला नाही. आणि नवे जनरल मॅनेजर बर्न्स डॉजर्समधून आलेत, तिथे पिचर घडवण्याची पद्धत जवळून पाहिलेला माणूस आहे. एवढं तरी त्यांच्या पदरात टाका.

मॉनफोर्टत्रस्त
टाकलं. पैसा सुटू दे, मग बोलू.

ब्लेकस्ट्रीटकर
बरं, ८० मागे घेतो. आपल्याच गटातल्या डॉजर्स, पाद्रेस, जायंट्स आणि डायमंडबॅक्स यांच्याशी प्रत्येकी १३ म्हणजे ५२ सामने आहेत, ते मी धरलेच नव्हते. पण ५५ ही मान्य नाही. ६२ लिहून ठेवा. व्हाइट सॉक्सना जमलं ते इथे जमणार नाही, असं कुठे लिहिलंय?

मैलउंच
६२ साठी आणखी १९ विजय लागतील. म्हणजे १९० धावा. वर माझ्या सगळ्या सवलती धरल्या तर २१२ होतात. म्हणजे जवळपास सगळी दानं मनासारखी पडायला हवीत.

समुद्रसपाटी
कर्व्हच्या तीन इंचांचं मान्य. नाइलाजाने, पण मान्य. बाहेरच्या ६३ पराभवांचं सगळं खापर मात्र मी त्यावर फोडू देणार नाही.

शिवण_आणि_फिरकी
सगळं फोडतच नाहीये. एप्रिलमध्ये डॉलँडरचे घरचे पहिले तीन सामने बघा. स्कोअर सोडा, पहिल्या स्ट्राइकसाठी तो काय टाकतो ते मोजा. कर्व्ह मागे जाऊन कटर किंवा चेंजअप पुढे आला असेल, तर वर कोणीतरी हे वाचलंय असं समजा. नसेल, तर मैलउंच यांचे ५५ सुद्धा मला जास्त वाटतात.