मदत हवी आहे: भर पावसाळ्यात घरी बनवलेल्या इलेक्ट्रिक गिटारला कोणतं फिनिश द्यावं? (सांगली)

सहा तारा:

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहते. गेल्या हिवाळ्यापासून घरीच एक इलेक्ट्रिक गिटार बनवतेय. सुतारकाम संपलंय, कच्ची जोडणी करून तारा चढवल्या, वाजवूनही पाहिली. आता सगळं परत सुटं केलंय आणि गाडी अडलीय ती फिनिशवर.

आधी लाकूड कोणतं ते सांगते, कारण उत्तर त्यावरच ठरणार. बॉडी तुनाची आहे, ४५ मिमी जाड, दोन फळ्या मधोमध जोडून केलेली. तून मिरजेतून मिळालं, सतार-तानपुऱ्याला वापरतात तेच. महोगनीच्याच कुळातलं झाड, तांबूस रंग, आणि मुख्य म्हणजे हलकं. पिकअपचे (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकी भागांचे) खड्डे कोरल्यावर बॉडी पावणेदोन किलोच्या आसपास भरली. सागाची केली असती तर खांदा उतरला असता. नेक मात्र सागाचीच. माझ्या मामांचं फर्निचरचं दुकान आहे, त्यांच्याकडे पाडलेल्या घराची जुनी तुळई पडून होती. खिळे काढता काढता दोन पात्यांचा बळी गेला, पण लाकूड इतकं मुरलेलं की पावसाळा सुरू झाला तरी नेक केसभर वाकली नाही. आत ट्रस रॉड आहे, म्हणजे नेक सरळ ठेवणारी धातूची सळई. फिंगरबोर्ड शिसवी. स्केल (वरच्या टोकाच्या नटपासून खालच्या ब्रिजपर्यंत तारेचा वाजणारा भाग) ६४८ मिमी, नेक बॉडीला चार स्क्रूंनी जोडलेली.

(विषयांतर: ज्या कारागीरचाचांकडून तून आणलं, त्यांना मी फ्रेटचं, म्हणजे फिंगरबोर्डवरच्या धातूच्या पडद्यांचं, गणित दाखवलं. उरलेल्या लांबीला दरवेळी १७.८१७ ने भागायचं. म्हणजे पहिला फ्रेट नटपासून ३६.४ मिमीवर आणि बारावा बरोबर ३२४ वर. चाचा हसले. म्हणाले, "आमचे पडदे दोऱ्यानं बांधलेले, बेसूर वाटला तर सरकवायचा. तू तर करवतीनं खाच पाडून बसलीस, आता सरकवशील काय?")

तर अडचण अशी. माझा बेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचा होता. बॉडीच्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यावर आणि सागाच्या एका तुकड्यावर स्प्रे करून पाहिला. पहिल्या मिनिटाला काचेसारखं दिसलं. मग बघता बघता वर दुधाची साय धरावी तसा पांढुरका थर आला, तो दुसऱ्या दिवशीही तसाच. सागाच्या तुकड्यावर आणखी एक भानगड: काही ठिकाणी लॅकर पसरलंच नाही, बारीक बारीक वर्तुळं पडून कडेला गोळा झालं. तुनावर अशी वर्तुळं नाहीत.

आता घरात तीन मतं आहेत. मामा म्हणतात, गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजात नेऊन टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचं पॉलियुरेथेन) मारून घे, दगडासारखं होईल. चाचा म्हणतात चपडा (लाखेचं पॉलिश) लाव, दुसरं काही बघूच नकोस. आईचं मत आहे की आहे तशीच चांगली दिसते, वाजव की.

मला हवंय ते असं: तुनाचा तांबूस रंग आणि रेषा दिसायला हव्यात, कोपराचा घाम लागून चिकट व्हायला नको, आणि उद्या ओरखडा पडला तर घरी दुरुस्त करता यायला हवा. स्प्रे बूथ वगैरे नाही, गच्चीवरची पत्र्याची शेड आहे. कंप्रेसर मामांचा.

आणखी एक छोटा प्रश्न. कच्च्या जोडणीत अँपमधून घूं असा आवाज येत होता. तारांना हात लावला की कमी होतो, सोडला की वाढतो. दोन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप आहेत. फिनिश करण्याआधीच खड्ड्यांत काही करायला हवं का?

रंधाकाका:

थिनर कोणतं वापरलंत? स्प्रे दिवसा केला की संध्याकाळी? कंप्रेसरला पाण्याचा फिल्टर आहे का?

सहा तारा:

हार्डवेअरच्या दुकानातलं साधं एनसी थिनर. संध्याकाळी, पाऊस थांबल्याबरोबर. फिल्टर आहे, त्यातलं पाणी काढूनच सुरुवात केली होती.

रंधाकाका:

मग उलगडा झाला. थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड करतं. हवा आधीच ओलाव्यानं भरलेली, त्यात पाऊस नुकताच थांबलेला. त्या थंड पृष्ठभागावर दव पडतं तसं पाणी धरतं आणि ते ओल्या लॅकरमध्ये अडकून पांढरं दिसतं. साधं थिनर झटपट उडतं, म्हणून त्रास जास्त. रिटार्डर थिनर सावकाश उडतं, त्यामुळे पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळतो.

तो तुकडा फेकू नका. चांगलं ऊन पडलं की दुपारी त्यावर नुसत्या रिटार्डरचा अगदी हलका फवारा मारा. एनसी लॅकर आपल्याच थिनरमध्ये परत विरघळतं, त्यामुळे पांढरेपणा बहुतेक करून निघून जातो. याच गुणामुळे पुढं ओरखडा दुरुस्त करणंही सोपं जातं. तुमच्या तिसऱ्या अटीत पीयू इथंच नापास होतं, कारण त्याचा नवा थर जुन्यात मिसळत नाही.

वर्तुळांचं म्हणाल तर ती सागाच्या तेलाची करामत दिसते. फिल्टरमधून तेल किंवा पाणी आलं असतं तर त्याच गननं मारलेल्या तुनावरही दिसलं असतं. साग रंगवण्याच्या ऐन आधी असिटोननं पुसायचा, मागाहून नाही, कारण आतलं तेल परत वर येतं.

वार्निशराव:

मामांचा सल्ला अगदीच टाकाऊ नाही. पीयू घामाला, पाण्याला, दारूच्या थेंबाला दाद देत नाही. माझ्या दोन्ही गिटारींवर तेच आहे. पण भर पावसात तेही नको. टू-के पीयूच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट हवेतल्या पाण्याशीसुद्धा जुळतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बारीक बुडबुडे राहतात. आणि हे काम स्वतः गच्चीवर करायचा विचारही करू नका. फुप्फुसांची कायमची ॲलर्जी बसू शकते, तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. व्यवस्थित बूथ आणि श्वसनाची नीट सोय असलेलं गॅरेज असेल तरच.

हळदीबाजार:

सांगलीत राहून रंगाची चिंता? आपली हळद स्पिरिटमध्ये भिजवा आणि लावा की. पिवळीधमक गिटार, शिवाय जंतुनाशक. :)

सहा तारा:

@हळदीबाजार, तुकड्यावर लावून पाहिली होती हो, रंग लई झकास येतो. खिडकीत उन्हात ठेवला आणि आठवड्यात पार फिका. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, म्हणून बेत बारगळला. नाहीतर मी तेच करणार होते!

तारगहन:

ताई, मी मिरजेचा. वाद्यांच्या दुकानांमध्येच लहानाचा मोठा झालो. चाचा बरोबर सांगतायत, पण अर्धंच. सतार कुशीत धरून, घरात बसून वाजवतात. तुमची गिटार घामेजल्या हातानं, पट्ट्यानं गळ्यात अडकवून वाजणार. नुसत्या चपड्याचा थर कोपराखाली मऊ पडतो, आणि कार्यक्रमात कुणी सॅनिटायझर लावलेला हात ठेवला तर डाग ठरलेला, कारण चपडा स्पिरिटमध्येच विरघळतो.

पण खालचा थर म्हणून चपड्याला तोड नाही. सागाच्या तेलावर बसतो आणि त्याच्यावर एनसीही बसतं. फक्त बाजारात मिळणाऱ्या चपड्यात मेण असतं, ते काढून घ्या. एक लिटर स्पिरिटला १२०-१५० ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत. रोज हलवा, विरघळला की मग हात न लावता ठेवून द्या. मेण तळाशी गढूळ होऊन बसतं आणि वर चहासारखं स्वच्छ पाणी राहतं. ते वरचं तेवढं अलगद काढून घ्यायचं. पुढं वर पीयू मारायचं ठरलं तरी मेण काढलेलंच हवं, नाहीतर थर सुटतो. आणि बरणी वर्षभर पुरवायला जाऊ नका. जुनं द्रावण लावलं तर ते सुकतच नाही, बोटाचे ठसे उठत राहतात.

स्प्रे लागत नाही. मलमलीत कापसाची गोळी गुंडाळायची आणि पातळ हात फिरवायचा. फार दमट हवेत चपडाही पांढरा पडतो, तेव्हा उघडीप बघून दुपारीच. एका हातात भरून टाकायची घाई नको.

तुनाला छिद्रं मोठी असतात. पहिल्या चपड्यानंतर त्यांत लांबी (पुट्टी) भरा. चॉक पावडरीत जरासा गेरू घालून लाकडापेक्षा किंचित गडद करा. पांढरी लांबी राहिली तर तांबूस लाकडावर मीठ शिंपडल्यासारखी दिसते. आडवी घासून पुसा, पूर्ण वाळू द्या, ३२० नंबरचा पॉलिश पेपर, मग परत चपडा. शिसवी फिंगरबोर्डला यातलं काही लावू नका, तेलाचा एक हलका हात पुरे. जवसाचं तेल वापरलंत तर त्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. आपोआप पेट घेतात. तारेवर पसरून वाळवा, मग टाका.

रंधाकाका:

@तारगहन यांना अनुमोदन. माझी भर एवढीच: नेक जिथं बसते त्या खाचेत चिकटपट्टी लावून मगच फिनिश करा. तिथं लॅकरचा थर साचला की नेक ठोकून बसवावी लागते आणि कडेला तडा जातो. टांगायला हूक त्याच चार स्क्रूंच्या भोकांतून घाला. शेवटी १००० आणि १५०० नंबरनं ओलं घासाल तेव्हा पाणी स्क्रूच्या भोकांत शिरू देऊ नका. आतलं लाकूड फुगून भोकाभोवती लॅकर उचलतं.

शून्य ओहम:

घूं आवाजाबद्दल. हात लावल्यावर कमी होतोय ही चांगली खूण आहे. म्हणजे ब्रिजपर्यंतची ग्राउंडची तार नीट जोडलेली आहे. तुमचं शरीर खोलीतली ५० हर्ट्झची घरघर ॲंटेनासारखी गोळा करतं. तारांना हात लावलात की तेच शरीर ग्राउंडला जोडलं जातं आणि उलट आडोसा बनतं. हात लावल्यावर वाढला असता तर जॅकवरच्या दोन तारा उलट्या झाल्याचा संशय घेतला असता.

उपाय: पिकअप आणि कंट्रोलच्या खड्ड्यांना आतून तांब्याची चिकटपट्टी, प्रत्येक तुकडा दुसऱ्यावर चढवून आणि सांध्यावर सोल्डरचा एक थेंब. पट्टीचा गोंद वीज वाहू देईलच असं नाही, म्हणून सोल्डर. मग सगळं मिळून एका तारेनं ग्राउंडला. झाकणाच्या आतल्या बाजूलाही लावा. हे फिनिशनंतर करा, म्हणजे लॅकर पट्टीवर जाणार नाही. सिंगल कॉइलची थोडी घरघर तरीही राहील, ती त्यांच्या स्वभावातच आहे. दिशा बदलून बसलात की कमीजास्त होते. आणि अँपच्या प्लगला घरात अर्थिंग खरंच येतंय का, तेही इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. जुन्या घरांत तिसरी पिन नुसती शोभेला असते. तुमचा हात ग्राउंडला जोडलेल्या तारांवर असतो, तेव्हा हा विषय गमतीचा नाही.

सहा तारा:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी दोन तास लख्ख ऊन होतं. रिटार्डर आणून त्या पांढऱ्या तुकड्यावर हलका फवारा मारला आणि डोळ्यांदेखत साय विरघळून खालचं लाकूड दिसायला लागलं. मामा बघत उभे होते, पीयूचा विषय त्यांनी परत काढला नाही.

तर आता असं ठरवलंय: बरणीत चपडा भिजत घातला आहे. उघडीप मिळेल तसं बॉडी आणि नेकला चपडा, लांबी, परत चपडा एवढंच करीन आणि गिटार जोडून वाजवायला घेईन. एनसी लॅकर परतीचा पाऊस गेल्यावर. आपल्याकडं तो कधीकधी दसऱ्यालाही पाठ सोडत नाही, म्हणून दिवाळीच धरून चालते. घर जुनंच आहे, तेव्हा इलेक्ट्रिशियनला उद्याच बोलावलंय.

एकच शंका उरली. मधले तीन-चार महिने चपड्यावरच वाजवली, तर घाम आणि हाताचं तेल मुरून नंतर एनसी धरणार नाही असं होईल का?

तारगहन:

नाही होत. नेकची मागची बाजू आणि कोपर टेकतो ती कड, एवढ्याच जागा मळतात. एनसीच्या आदल्या दिवशी त्या नॅप्थानं (पेट्रोलसारख्या हलक्या द्रावकानं) पुसा. स्पिरिटनं नको, चपडाच निघून येईल. मग ४०० नंबरनं हलकं घासून चपड्याचा एक ताजा हात. त्यासाठी द्रावण नवं करा, आत्ताच्या बरणीतलं तोवर ठेवू नका.

रंधाकाका:

आणि हवेतला ओलावा दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र मिळतं, ते शेडमध्ये टांगा. ६५ टक्क्यांच्या वर आकडा असेल तर गन हातात घेऊ नका, ऊन कितीही छान दिसलं तरी. दिवाळीत पहाटे दव असतं, तेव्हा दुपारी बारा ते तीन हीच वेळ. एनसी मारून झाल्यावर तीन-चार आठवडे घासायला जाऊ नका. वरून सुकलेलं दिसतं, पण आत मऊ असतं. तोवर रबराच्या स्टँडवरही ठेवायची नाही, डाग पडतो.

हळदीबाजार:

सगळं झालं की फोटो टाका. आणि तो उन्हात फिका पडलेला हळदीचा तुकडाही, मला बघायचाय.