मदत हवी आहे: ६३१ म्हणजे डुकराची चरबी?

सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलाय, ‘पाकिटावर ६३१ दिसला की समजा डुकराची चरबी’. सासूबाईंनी भिंग घेऊन नूडल्सच्या मसाल्याची पुडी वाचली, ६३५ सापडला (त्यात ६३१ असतोच म्हणे), आणि चार पाकिटं थेट कचऱ्यात. हिरवा ठिपका होता हो त्यांच्यावर!

६३१ ही चव वाढवणारी पावडर. मांस-मासळीपासून बनते तशी टॅपिओकाच्या स्टार्चपासूनही. दिल्ली हायकोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये याच ६३१चं उदाहरण देत बजावलं होतं की नुसता कोड नको, उगम वनस्पती, प्राणी की प्रयोगशाळा तेही छापा. मग आमच्या दादरच्या वाण्याकडच्या पुडीवर नुसता नंबरच का?

फूड सेफ्टीतलं कोणी आहे का इथे? हिरव्या ठिपक्यात हे नंबरवालेही धरतात ना? सासूबाईंपुढे ठेवता येईल असा मराठीतला नियम कुठे मिळेल? पाचवं पाकीट मी लपवून ठेवलंय.