रेझ्युमे सॉफ्टवेअरच्या चाळणीत अडकतो आहे का?

प्रश्न : मी मेकॅनिकल डिप्लोमाधारक असून चाकणच्या एका कारखान्यात सहा वर्षे क्वालिटी विभागात आहे. गेल्या चार महिन्यांत चाळीसेक ऑनलाइन अर्ज केले, पण एकाही ठिकाणाहून साधा फोन आला नाही. माझा रेझ्युमे दोन कॉलमांच्या टेम्पलेटवर आहे : डावीकडे फोटो आणि कौशल्यांची पातळी दाखवणारे ठिपके, उजवीकडे अनुभव. असा रेझ्युमे एटीएस (अॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टीम, म्हणजे कंपन्यांचे अर्ज साठवणारे-चाळणारे सॉफ्टवेअर) परस्पर नाकारते, हे खरे आहे का?

प्रतिसाद १ : मी भरतीचे काम करते. एटीएस बहुधा नाकारत नाही. ते रेझ्युमेतला मजकूर काढून पद, कंपनी, कालावधी अशा रकान्यांत भरते आणि आम्ही त्यात शब्द घालून शोध घेतो, त्यामुळे मजकूर भलत्या रकान्यात गेला की लायक माणूसही आमच्यासमोर येत नाही. थेट बाद होण्याचा धोका असतो तो अर्जातल्या नोटीस पिरियड, किमान अनुभव अशा प्रश्नांमुळे. ते घाईत भरू नका.

आपली पीडीएफ उघडून सगळा मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. तिथे जो क्रम दिसेल, साधारण तसाच तो यंत्राला दिसतो. पाचपैकी चार ठिपक्यांना तिथे काहीच अर्थ उरत नाही. जाहिरातीत ‘पीपीएपी’ असेल आणि ते काम आपण खरोखर केले असेल, तर संक्षेप आणि ‘प्रॉडक्शन पार्ट अप्रूव्हल प्रोसेस’ हे पूर्ण नाव, दोन्ही लिहा. शोधणारा कोणता शब्द टाकेल, हे आधी कळत नाही.

प्रतिसाद २ : जाहिरातीतले शब्द पांढऱ्या अक्षरांत लपवण्याचा सल्ला कुणी दिल्यास कृपया ऐकू नका. मजकूर काढला की रंग गळून पडतो आणि ती लबाडी भरती करणाऱ्याला स्पष्ट वाचता येते. मराठीतून अर्ज करणाऱ्यांनी जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांपासूनही जपावे : पडद्यावर नीट ‘पुणे’ दिसते, नोटपॅडमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उतरतो.

प्रश्नकर्ता : नोटपॅडमध्ये पाहिले. ‘मायक्रोमीटर’ हा शब्द कंपनीच्या नावाला चिकटून आला आणि नोकरीचा काळ शिक्षणाखाली गेला. आता एकाच कॉलमात नव्याने लिहितो. फाइल वर्डमध्ये द्यावी की पीडीएफमध्ये?

प्रतिसाद १ : जाहिरातीत सांगितले असेल तीच द्या, काहीच सांगितले नसेल, तर मजकूर निवडता येणारी पीडीएफ चालते, स्कॅन केलेली नको. वर्डमध्ये दिल्यास फोन नंबर आणि ईमेल हेडरमध्ये न ठेवता पानाच्या मुख्य मजकुरात लिहा, कारण काही प्रणाली हेडर वाचतच नाहीत.