पॅकेज, हातातला पगार आणि घराचा हप्ता

पंधरा लाखांचे पॅकेज असूनही पुण्यात हात आखडता घ्यावा लागतो, मग त्याच पगाराचे सहकारी दरवर्षी परदेशी सहली करतात ते कर्ज काढूनच, असा निष्कर्ष काही जण काढतात, पण तो मला पटत नाही. मूळ वेतन पॅकेजच्या निम्मे धरले, तर मालक व कर्मचारी या दोघांचे मिळून वर्षाला 1,80,000 रुपये भविष्यनिर्वाह निधीत जातात, सुमारे 36,000 रुपये उपदानापोटी (ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) धरलेले असतात, आणि नव्या प्रणालीनुसार आयकर गेल्यावर महिन्याला हातात साधारण एक लाख रुपये उरतात. येथवर सगळे सारखेच असतात. खरा फरक घराचा आहे.

साठ लाखांच्या गृहकर्जाचा साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठीचा हप्ता सुमारे 52,000 रुपये होतो. वडिलांनी पूर्वीच घेतलेल्या कोथरूडच्या सदनिकेत राहणाऱ्याचे हे 52,000 दरमहा वाचतात, म्हणजे वर्षाला सव्वासहा लाखांच्या आसपास, आणि त्यातून सहल सहज निघते. माझ्या कार्यालयात लातूर-बीडकडून आलेली, हप्ता भरून गावीही पैसे पाठवणारी मुले त्याच पदावर, त्याच पगारावर आहेत आणि आपलेच नियोजन चुकते असे मानून ती स्वतःला दोष देतात, याचे मला फार वाईट वाटते.