मदत हवी आहे: ए प्लसची मुदत संपत आलीय, नेटवर्क प्लस द्यावी का?

माझ्या कॉम्पटिया ए प्लस या कॉम्प्युटर सपोर्टच्या प्रमाणपत्राची तीन वर्षांची मुदत सहा महिन्यांत संपतेय. नूतनीकरणाला 20 सीईयू (पुढील शिक्षणाचे गुण) लागतात, माझे जेमतेम 7 झालेत. कोअर 1 आणि कोअर 2 या त्याच्या दोन्ही परीक्षा रात्री जागून पास झालो होतो, त्यामुळे हे प्रमाणपत्र हातचं जाऊ द्यायचं नाहीये.

सर्टमास्टर सीई हा ऑनलाइन कोर्स पूर्ण केला तरी भागतं. पण मन नेटवर्क प्लसकडे, म्हणजे कॉम्पटियाच्याच नेटवर्किंगच्या परीक्षेकडे ओढतंय. ती पास झाली की ए प्लस आपोआप वाढतं आणि हाती नवीन काहीतरी येतं. अडचण सबनेटिंगची, म्हणजे मोठं नेटवर्क लहान भागांत विभागण्याच्या हिशेबाची. दिवसभर प्रिंटर आणि हार्ड डिस्क बघणाऱ्याला ते रोज लागत नाही. नोकरी सांभाळून कुणी तयारी केलीय का? किती महिने लागले, आणि सबनेटिंगचा सराव कसा केलात?