विषय: मुंबई–न्यूअर्क, आईच्या तिकिटाचा हिशोब

नमस्कार मंडळी,
आई जूनमध्ये पहिल्यांदाच एकटी येतेय, मुंबईहून थेट इकडे अमेरिकेत, न्यूअर्कला. तिकिटावर सुटायची वेळ रात्री १:३०, पोचायची त्याच दिवशी सकाळी ७:३०. आई म्हणते, "सहाच तास? पुण्याहून नागपूरला रेल्वेने याहून जास्त लागतात!" आता ती गोळ्यांच्या वेळा सहा तासांत बसवत बसलीय. बारीक अक्षरात प्रवास साडेपंधरा तास लिहिलाय, परतीचा साडेचौदा. अंतर नेटवर साडेबारा हजार किमी, म्हणजे ताशी ९०० ने चौदाच्या आत. रस्ता एकच, मग तीन आकडे कसे?
— एडिसनहून

अगं,
आईंना आधी हे सांग: उन्हाळ्यात मुंबई आपल्या साडेनऊ तास पुढे. सहात साडेनऊ मिळव, झाले साडेपंधरा. (नोव्हेंबरात इकडची घड्याळं तासभर मागे गेली की फरक साडेदहा.)

आता अंतर. साडेबारा हजार म्हणजे पृथ्वीगोलावर ताणलेल्या दोऱ्याची लांबी. नातवाच्या गोलावर मी शिवणाचा दोरा धरून पाहिला. तो अफगाणिस्तान, कझाकस्तान, मॉस्कोच्या जवळून, स्वीडन-नॉर्वेवरून आइसलंडवर चढतो आणि ग्रीनलंडचं दक्षिण टोक घासून खाली उतरतो. भिंतीवरच्या नकाशात हे वेड्यासारखं दिसतं, पण जवळचा रस्ता तोच. विमानाला मात्र दोऱ्यावरून जाता येतंच असं नाही. २०२२ पासून अमेरिकन कंपन्यांना रशियाचं आकाश बंद, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं बंद केलं. मग वळसा आलाच.

आणि वारा! दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, कधी ताशी दीड-दोनशे किमी. इकडे येताना तो तोंडावर, जाताना पाठीवर. तिकिटातला तासाभराचा फरक मुख्यतः त्याचाच. शिवाय धावपट्टीवर रांगेत घालवायची मिनिटंही कंपनी वेळापत्रकात धरते. भागाकार करणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.
— पार्सिपनीचे काका

काकांनी वारा सांगितला, मी गोळ्यांचं सांगते. सासूबाई आल्या तेव्हा डॉक्टरांना विचारून ठरवलं होतं: मनगटावरचं घड्याळ मुंबईच्याच वेळेवर, गोळ्यांची डबी हातातल्या पिशवीत, उतरेपर्यंत काटे हलवायचे नाहीत. व्हीलचेअर आत्ताच नोंदव. चालता येत असलं तरी इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहवत नाही. आणि बॅगेत जागा असेल तर थोडं मेतकूट...
— तुझ्या गल्लीतली

काका, ताई, आभार. दोऱ्याचं आईला फार आवडलं. मग तिने विचारलं, "म्हणजे मी निघेन तेव्हा तुझ्याकडे आदला दिवस?" म्हटलं, हो, दुपारचे चार.
"मग लवकर जेवून झोप. मला घ्यायला उशीर करू नकोस."
मेतकूट भाजायला घेतलंय म्हणे.